लॉरिन हिलचा एकच अल्बम, मग तिला नास आणि जे-झीच्या पंगतीत का बसवतात?

प्रश्न असा आहे की नास, जे-झी या अमेरिकन रॅपरांनी अल्बमवर अल्बम काढले, तिथलीच रॅपर आणि गायिका लॉरिन हिल, तिने स्टुडिओत एकटीच्या नावावर एकच केला, तर तिला त्यांच्या बरोबरीने का मोजायचं? आणि रॅपरचं करिअर मोजायचं तरी कशावरून?

काही वर्षांपूर्वी गणपतीत, डोंबिवलीला आत्याकडे, माझ्या आतेभावाने हाच विषय काढला होता. विचारलं नव्हतं त्याने, निकालच दिला होता. आम्ही बायका उकडीचे मोदक वळत होतो. तो दारात टेकून म्हणाला, "पोरं झाली आणि संपली ती. एका अल्बमची बाई." सगळे हसले. मी तेव्हा चार वर्षं घरी होते. अंधेरीला डबिंग स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते, जुळी झाली आणि काम सुटलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. हातातली पारी मात्र कळ्या पाडता पाडता फाटली, ती मोडून पुन्हा मळावी लागली.

राग जास्त यासाठी आला की तिच्या त्या अल्बमची कॅसेट मला याच आतेभावाने, दादानेच ऐकवली होती. १९९८ साल, मी अकरावीत. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' घेऊन तो थेट आमच्या गिरगावच्या चाळीत आला. सुरुवातीला शाळेची घंटा होते, मग मास्तर हजेरी घेतात. एकेक पोर 'हजर' म्हणतं. लॉरिन हिलचं नाव येतं आणि उत्तरच येत नाही. मास्तर पुन्हा पुकारतात, तरी नाही. (हे मास्तर म्हणजे रास बराका, पुढे अमेरिकेतल्या नेवार्क शहराचे महापौर झाले.) आम्ही दोघं टेपला कान लावून, श्वास रोखून बसलो होतो. दादाने तेवढाच भाग तीनदा मागे नेऊन लावला.

त्याच कॅसेटवर 'टू झायन' आहे. मूल होणार होतं तेव्हा लोक तिला सांगत होते, आधी करिअर बघ. तिने मूल ठेवलं आणि त्याच्यावर गाणं केलं, गिटारवर कार्लोस सॅन्टाना. म्हणजे करिअरचा प्रश्न तिला तेव्हाच विचारला गेला होता आणि उत्तरही तिने त्याच अल्बममध्ये देऊन ठेवलंय. ते कानाआड करून 'पोरं झाली आणि संपली' म्हणायचं असेल, तर त्या माणसाने अल्बम ऐकलेला नाही, नुसता वाजवलाय.

आता मोजमापाचं. मुळात 'एकच' हेच अर्धवट आहे. त्याआधी १९९६ मध्ये फ्यूजीज या तिच्या ग्रुपबरोबर 'द स्कोअर' आहे, नंतर २००२ मध्ये नव्या गाण्यांचा, गिटार घेऊन एकटीने गायलेला अनप्लग्ड अल्बम आहे. १९९९ मध्ये तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले, त्यात वर्षाचा सर्वोत्तम अल्बमही होता. हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळाला. आणि 'लॉस्ट वन्स'मधला रॅप आणि 'एक्स-फॅक्टर'मधलं गाणं हा एकाच गळ्याचा आवाज आहे. दोन्हीकडे त्या तोडीची दुसरी रॅपर मला दाखवा.

नासचं म्हणाल तर २०२० ते २०२३ या काळात त्याने हिट-बॉय या निर्मात्याबरोबर सहा अल्बम काढले. चांगले आहेत. तरी लोक त्याला आजही १९९४ च्या 'इलमॅटिक'च्या चाळीस मिनिटांवरच तोलतात. जे-झीचा 'रिझनेबल डाउट' आणि 'ब्लूप्रिंट' माझ्यासाठी पुरेसे आहेत, 'किंगडम कम' नसता तरी त्याचं काही अडलं नसतं.

आपल्या कुर्ल्याच्या नेझी या रॅपरचंच बघा. २०१४ मध्ये आयपॅडवर 'आफत' हे गाणं केलं, २०१५ मध्ये डिव्हाइन या दुसऱ्या रॅपरबरोबर 'मेरे गली में', आणि पहिला अल्बम 'माघरेब' आला २०२० मध्ये. मधल्या काळात 'तो गेला' म्हणणारे ट्रेनमध्ये मला रोज भेटत. गप्प बसलेला माणूस संपलेला असतो हे यांना कुणी सांगितलं?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. 'सगळं तिने एकटीने केलं' असं मी म्हणणार नाही. लेखन आणि निर्मितीचं श्रेय मिळालं नाही म्हणून तिच्याबरोबर काम केलेल्या चार संगीतकारांनी तिच्यावर दावा लावला होता, २००१ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. काचेच्या अलीकडे बसून काम करणारी मी, श्रेयाचं महत्त्व मला माहीत आहे. शिवाय दोन गाणी करून गायब झालेल्या प्रत्येकाला हा न्याय लागू होत नाही. आधी तेवढं भक्कम काम हवं.

तुम्ही आधी तो अल्बम गाणी न गाळता, सलग दोनदा ऐका. मग आकडे मोजा.

मी सहा वर्षांनी कामावर परतले, आजही तिथेच आहे. आणि दादा, हे वाचशील तर सांगते, ती कॅसेट माझ्याकडे आहे. आत्याचा टेप अजून चालतो. या गणपतीत घेऊन येते. हजेरीपासून लावायची, आणि 'टू झायन' होईपर्यंत दारातून हलायचं नाही.