एमएसआय तपासणी: आयएचसी, पीसीआर की एनजीएस, सर्वांत अचूक कोणती?

तुमच्या आईच्या मोठ्या आतड्याच्या रिपोर्टखाली 'एमएसआय तपासणी करावी' असं लिहून आलंय आणि तिन्हींतली अचूक कोणती, असं तुम्ही विचारलंय. एमएसआय म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं बिघडून गाठीतला डीएनए अस्थिर होणं. आयएचसीत ती प्रथिनं स्लाइडवर रंगवून बघतात, पीसीआरमध्ये डीएनएतल्या मोजक्या जागा, एनजीएसमध्ये एकदम खूप जागा वाचतात. मी बेळगावात बावीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, कापतो. मशीन कुठलं, हे सगळे विचारतात. गाठ बाटलीत कशात बुडवली होती, हे अजून एकाही नातेवाइकानं मला विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि तेही सख्ख्या भावाच्या वेळी.

अण्णा खानापूरला असतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी उजव्या बाजूच्या आतड्यात गाठ निघाली. आमची आई गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेलेली. हे दोन्ही एका घरात दिसलं की माझ्यासारख्याच्या डोक्यात लिंच सिंड्रोम, म्हणजे असे कॅन्सर घराण्यात चालवणारा आनुवंशिक दोष, यायलाच हवा. आलाही. म्हणून कोलोनोस्कोपीची बायोप्सी दुसऱ्या लॅबला गेली होती तरी ऑपरेशनचा नमुना आमच्याकडेच पाठवायचा, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. ऑपरेशन शनिवारी दुपारी एका छोट्या नर्सिंग होममध्ये झालं. तिथल्या थिएटरमध्ये माझा साडूच मदतनीस. घरचाच माणूस आहे म्हटल्यावर मी निर्धास्त.

सोमवारी सकाळी पुतण्या बसनं पिशवी मांडीवर घेऊन आला. आत लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी, वीतभर आतडं न उघडता कोंबलेलं. झाकण काढलं आणि वासावरूनच कळलं. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना सडू न देणाऱ्या द्रावात, नीट मुरलेलं आतडं राखाडी आणि घट्ट होतं, हे बोटाला बुळबुळीत लागत होतं, आतून हिरवट. साडूला फोन लावला. "सलाईनच घालतोय की आम्ही, वर थोडं फॉर्मॅलिन. वास मारतंय रे ते. वीस वर्षं असंच चाललंय, कुणी काय म्हणालं नाही."

कुणी म्हणालं नाही, कारण गाठ कॅन्सरची आहे की नाही एवढं सडक्या नमुन्यावरही बहुतेक वेळा कळतं. एमएसआयचं तसं नाही.

आयएचसीत चार प्रथिनं बघतात: एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6. पेशीचं केंद्रक तपकिरी दिसलं तर प्रथिन आहे, नुसतं निळं राहिलं तर गेलं. अण्णाच्या स्लाइडवर एमएसएच2 आणि एमएसएच6 दोन्ही निळे. मी म्हटलं, झालं, लिंच. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मात्र गाठीशेजारचे लिंफोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, दाखवले. ते निरोगी, म्हणजे तपकिरी हवेतच. तेही निळे होते. रंग धरायला तिथं काही उरलंच नव्हतं. मी हुज्जत घातली, त्यांनी 'निष्कर्ष काढता येत नाही' असंच लिहिलं. बरोबर त्यांचंच होतं. त्याच ब्लॉकचा तुकडा पीसीआरला पाठवला, डीएनएचा भुगा झालाय म्हणून परत आला. एनजीएसलाही डीएनएच लागतो, मग त्याला कोण कशाला हात लावणार?

शेवटी कामाला आला तो कोलोनोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक. तांदळाच्या दाण्याएवढे चार तुकडे, पण काढल्याक्षणी फॉर्मॅलिनमध्ये टाकलेले. त्यावर लिंफोसाइट छान तपकिरी आणि गाठ स्वच्छ निळी. मग रक्ततपासणीत एमएसएच2चाच दोष निघाला. भावंडांना तो असण्याची शक्यता निम्मी. माझ्यात नाही. बहिणीनं अजून रक्त दिलेलं नाही, तो वाद वेगळा.

आता तुमचं. आतड्यासाठी आधी आयएचसी करा. स्वस्त आहे, बहुतेक ठिकाणी होतं आणि कुठलं जनुक बिघडलंय त्याचा माग देतं. एमएलएच1 आणि पीएमएस2 गेलेले दिसले तर लगेच घराण्याला दोष लावू नका. गाठीतल्या बीआरएएफ जनुकातला बदल किंवा एमएलएच1चं मिथिलेशन (जनुकाला लागलेलं रासायनिक कुलूप) तपासायला सांगा, बऱ्याचदा तो दोष आनुवंशिक नसतो. पीसीआरमध्ये बीएटी-25, बीएटी-26 असल्या पाच जागा बघतात, दोन किंवा जास्त हलल्या, म्हणजे त्यांची लांबी बदललेली दिसली, तर 'एमएसआय-हाय'. आयएचसी आणि पीसीआर या दोन्ही पद्धतींचे निकाल दहातल्या नऊहून जास्त वेळा जुळतात. प्रथिन आहे पण निकामी आहे, अशा वेळी आयएचसी फसतं. एमएसएच6चा दोष कधीकधी पीसीआरमधून निसटतो. एनजीएस शेकडो जागा बघतं, पण इतर जनुकंही तपासायची असतील तरच तेवढा पैसा घाला.

ऑपरेशन व्हायचं असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारा: 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन आहे का, नमुन्याच्या निदान दसपट आहे का, रुंद तोंडाची बरणी आहे का, आतडं उघडून बुडवणार का. फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. बंद आतड्यातल्या गाठीपर्यंत ते कधी पोचणार? 'वीस वर्षं असंच चाललंय' असं उत्तर आलं तर फॉर्मॅलिनचा कॅन स्वतः विकत घेऊन जा. लाज वाटू देऊ नका. उलट आठवडाभर बुडवून ठेवणंही वाईट, सहा ते बहात्तर तासांत पुढचं काम सुरू व्हायला हवं.

ऑपरेशन झालं असेल तर बायोप्सीचा ब्लॉक मागून घ्या, अर्ज दिला की मिळतो. हो, एक राहिलं. गाठ गुदाशयाची असेल आणि आधी रेडिएशन-केमो झालं असेल, तरी बायोप्सीचाच ब्लॉक वापरा, उपचारानंतर एमएसएच6 फिका पडू शकतो. आणि मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. इम्युनोथेरपी द्यायची की दुसऱ्या स्टेजला केमो टाळायची, हे एमएसआयवर बरंच ठरतं, पण ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी बघायचं.

साडूला दोन्ही स्लाइडचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत, बरणीतली आणि बायोप्सीची. निळ्या टिका आल्यात, उत्तर आलेलं नाही.