गाजराची फुलं पुरे, आता चुलीपाशी बसा

ताई, तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या पोषण माहात, म्हणजे सरकारच्या पोषण-जागृतीच्या महिन्यात, पाककृती प्रदर्शन झोकात झालं, तिरंगा थाळ्या सजल्या, फोटो वर गेले. पण महिन्याभराने घरभेटीला गेलात तर ताटात तेच. मी अकोले तालुक्यात १७ वर्षं अंगणवाडी चालवते. सुरुवातीला मीही असल्याच थाळ्या मांडल्या. गाजराची फुलं कापण्यात आमचा हात कुणी धरला नसता!

सुनेला सगळं कळतं हो. पण डाळीचा डबा सासूच्या ताब्यात आणि बाजाराची पिशवी नवऱ्याच्या. आपण बोलावतो मात्र एकट्या सुनेला. म्हणून आता प्रात्यक्षिक कुणाच्या तरी घरीच घेते, माणसं रोजावरून परतल्यावर, तिच्याच चुलीवर. बाहेरून चिमूटभरही काही आणायचं नाही.

नवा पदार्थ तर शिकवतच नाही. सहा महिन्यांपुढच्या बाळाला आमच्याकडे वरणाचं नुसतं पाणी पाजायची रीत. पोट टम्म, बाळ झोपतं, वजनकाटा मात्र हलत नाही. मी चमचा आजीच्याच हातात देते. पाणी घ्या, चमचा वाकडा करा. घळकन सांडतं. मग त्याच पातेल्याच्या तळची डाळ, मऊ भात, कुस्करून वर अर्धा चमचा तेल. आता चमचा वाकडा केला तरी घास जागचा हलत नाही. "एवढं घट्ट गिळंल का गं?" हा प्रश्न दर घरी येतोच. उत्तर बाळाला देऊ द्या. एकाने माझ्या पदरावर थुंकलं होतं; चालायचंच, नवी चव आठ-दहा वेळा द्यावी लागते.

नागली, म्हणजे नाचणी, असेल तर मोड आणून, वाळवून दळायला सांगा. त्या पिठाची पेज लवकर घट्ट होत नाही, म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं.

भाजीसाठी मोरीच्या पाण्यावर शेवगा आणि वाल. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून परसबाग म्हटलं की बायका नाक मुरडत नाहीत. बी मी मूठभर देते, हंगामाला दोन मुठी परत घेते आणि पुढच्या घरी नेते.

आणि पुढच्या भेटीत आईला "काय शिजवता?" असं विचारू नका, आपल्याला आवडेल तेच उत्तर मिळतं. काल रात्री काय जेवलास, ते घरातल्या मोठ्या पोराला विचारा.