एआय हाताशी असताना मुंबईत मराठी शिकायला क्लास लावावा का?

लावा. पण एआयही सोडू नका, दोघांची कामं वेगळी आहेत.

अमराठी माणूस हमखास अडखळतो तो तीन लिंगांत आणि सामान्यरूपात: घोडा पण घोड्याला, पाणी पण पाण्यात. हा सराव चॅटजीपीटीकडून हवा तितका करून घ्या. तेच वाक्य पुन्हापुन्हा विचारलं तरी ते वैतागत नाही, आणि त्याच्यासमोर चुकायची लाज वाटत नाही. मोठेपणी भाषा शिकताना खरी अडचण या लाजेचीच असते, असं मला ठामपणे वाटतं.

मात्र इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा. त्यामुळे एआयची मराठी बरेचदा पुस्तकी, इंग्रजी वळणाची निघते. व्याकरणात बसणारं पण कोणीच न बोलणारं वाक्य कुठलं, हे शिक्षकच सांगेल. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ अभ्यासक्रम तयार केलाय, तो आधी बघा.

आणि मुंबईत समोरचा पटकन हिंदीवर येतो. तेव्हा ‘मराठीतच बोला ना, मी शिकतोय’ असं सांगा. बहुतेक जण आनंदाने, सावकाश बोलतात.