दहा हजारांत गिअरबॉक्सचा दोष दाखवणारा स्कॅनर मिळतो का?

भाऊ, घाटंजीकडच्या तुमच्या गॅरेजात आता एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या येतात, हजाराच्या आतलं निळं ब्लूटूथ यंत्र लावलं की पी०७०० हा दोषाचा कोड दिसतो अन् पुढे काहीच नाही, म्हणून दहा हजारांपर्यंतचा स्कॅनर विचारताय. माझं गॅरेज आर्णीच्या बाजूला आहे, गिऱ्हाईक तुमच्यासारखंच, म्हणून लिहितो.

आधी हे की तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. पी०७०० म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरनं, म्हणजे टीसीएमनं, इंजिनच्या ईसीएमला सांगितलं की माझ्याकडे दोष नोंदला आहे, चेक लाइट लाव. कोतवालानं 'तहसीलमध्ये बोलावलंय' म्हणून निरोप द्यावा तसं. काम काय ते तहसीलीतच कळणार. खरा कोड, समजा इनपुट स्पीड सेन्सरचा पी०७१५, आउटपुटचा पी०७२० किंवा गिअर रेशो जुळत नसल्याचा पी०७३०, टीसीएममध्ये असतो. स्वस्त यंत्र बहुतेकदा इंजिनपाशीच थांबतं. त्यातून डबीवर '१.५' लिहिलं असेल तर ती नक्कलच समजा, कारण अशा यंत्रातली मूळ चिप काढणाऱ्या एल्म कंपनीनं १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती.

तेव्हा दुकानदाराला किमतीआधी एकच गोष्ट विचारायची: हा टीसीएमशी बोलतो का, अन् माझ्याकडच्या गाडीच्या टीसीएमशी बोलतो का? दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. चिनी स्कॅनरच्या यादीत 'सुझुकी' असतं, पण ती कधीकधी जपान-युरोपातल्या गाड्यांची यादी असते. आपली वॅगन आर, सेलेरिओ तिथं सापडत नाही. 'मारुती', मग मॉडेल, मग साल, मग ट्रान्समिशन, इथपर्यंत मेनू उघडल्याचा व्हिडिओ मागवा. पाठवला नाही तर तिथून घेऊ नका.

दहा हजारांच्या आसपास फोनला जोडायची थिंकडायगसारखी यंत्रं मिळतात. ती इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग सगळं वाचतात. लाँचचं सीआरपी१२३ या चारच सिस्टम वाचतं, पण स्वतःच्या स्क्रीनवर, फोन लागत नाही. मी तुमच्या जागी असतो तर फोनवालं घेतलं असतं, कारण नुसतं वाचून एएमटीचं काम होत नाही. सेलेरिओपासून (२०१४) मारुतीत आलेल्या एजीएसमध्ये, म्हणजे मारुतीच्या एएमटीत, क्लच हा पंपानं दिलेल्या तेलाच्या दाबावर चालतो. क्लच प्लेट बदलली की नवीन प्लेट कुठं धरते ते टीसीएमला शिकवावं लागतं, अॅक्च्युएटर, म्हणजे क्लच-गिअर हलवणारा भाग, उघडला असेल तर हवाही काढावी लागते. हे लर्निंग स्कॅनरमध्ये नसेल तर प्लेट बदलून झाल्यावर गाडी तुमच्याच अंगणात उभी राहते अन् गिऱ्हाईक ओसरीवर. म्हणून व्हिडिओत 'क्लच लर्निंग' हा पर्यायही पाहा. एका लर्निंगसाठी गाडी टोचन करून यवतमाळला न्यायचा खर्च तुम्हीच मोजा.

फोर्डच्या जुन्या ऑटोमॅटिक इकोस्पोर्ट येत असतील तर वेगळं. कंपनीनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, त्यामुळे त्या गाड्या आपल्यासारख्यांकडेच येणार. त्यांना चांगला अॅडॅप्टर अन् लॅपटॉपवर फोरस्कॅन हे फोर्डसाठीचं सॉफ्टवेअर पुरतं, दहा हजार लागत नाहीत.

आणि एक, बोलेरो, टाटा एस, ट्रॅक्स यांना स्कॅनर लावून गिअरबॉक्स शोधत बसू नका. हाताच्या गिअरला टीसीएमच नसतो. तिसरा गिअर उडत असेल तर सिंक्रो, फोर्क अन् तेल पाहा, लोक कितीही म्हणोत 'एकदा स्कॅन मारून पाहा ना राजेहो'.

स्कॅनर येईपर्यंत मल्टिमीटर काढा. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा. आपल्याकडच्या पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर मरते, आणि एएमटीचा पंप व्होल्टेज पडलं की रुसतो. मग व्होल्टेज कमी असल्याचा पी०५६२, टीसीएमशी संपर्क तुटल्याचा यू०१०१ असे कोड येतात अन् माणूस अॅक्च्युएटरची किंमत विचारत बसतो. सोयाबीन निघाल्यावर उंदीर बॉनेटमध्ये शिरतात, त्यांनी कुरतडलेल्या वायरी आणि पांदणीच्या चिखलानं भरलेले कनेक्टरही आधी पाहा.

कोड दिसला की लगेच उडवू नका. फोटो काढा, फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला त्या क्षणाचे आकडे, असेल तर तीही टिपून ठेवा, कारण क्लिअर केलं की ती जाते. मग कोड उडवून गाडी फिरवा, परत येतो तोच खरा.

थिंकडायगसारख्या यंत्रांचं सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर चालतं. दुसऱ्या वर्षी किती भरावे लागतील ते घेतानाच विचारून घ्या. शेजारच्या गावातल्या एखाद्या मिस्त्रीबरोबर भागीत घेतलं तर ती वर्गणी जड जात नाही.