उजनी धरणाचा डिजिटल जुळा, म्हणजे संगणकातली चालती प्रतिकृती, बनवतोयस? मग आधी हे वाच

पहिली गोष्ट, पाणीसाठा 'उणे' दिसला की ती चुकीची नोंद समजून पुसू नकोस. मी पुसल्या होत्या, अख्खा उन्हाळाच गायब झाला! उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे उपयुक्त न धरला जाणारा तळाचा साठा. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणून पातळी मृतसाठ्याच्या रेषेखाली गेली की आकडा उणे येतो. आपल्याकडे शेंबडं पोरही हे सांगेल, मॉडेलला मात्र सांगावं लागतं.

दुसरं, पंढरपूरचा पूर एकट्या उजनीवरून काढू नकोस. वीर धरणातून सुटलेलं पाणी नीरेतून येऊन नरसिंहपूरला भीमेत मिसळतं, म्हणजे उजनीच्या खाली. दोन्ही विसर्ग एकाच वेळी पोहोचले की चंद्रभागेचे घाट पाण्याखाली. दोन्हींचा प्रवासवेळ वेगवेगळा धर.

आणि कोल्हापुरी बंधारे! उपग्रहाच्या नकाशात नुसती रेघ दिसते. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेत की अजून बसवलेलेच आहेत, हे बांधावरच्या माणसाला फोन करूनच कळतं. तो रकाना रोज भर. कंटाळवाणं आहे, पण भर.

एआयचं म्हणशील तर, ऑक्टोबर २०२० सारखा पाऊस शिकवणीच्या आकड्यांत नसेल तर ते अंदाज हमखास कमी देतं. तो पूर मुद्दाम बाजूला ठेव आणि त्यावरच परीक्षा घे. सोबत नदीचं साधं जलगणितही चालू राहू दे. दोघांत फार फरक पडला की तहसीलला आकडा पाठवण्याआधी मला फोन कर.