गुणात्मक म्हणजे गुणवत्तापूर्ण नव्हे

एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी त्या सातवीनंतर शाळेबाहेर पडणाऱ्या मुलींवर काम करताहेत. मार्गदर्शकांनी आराखड्यावर शेरा मारला : 'संशोधन गुणात्मक की संख्यात्मक, ते स्पष्ट करा.' त्या विचारतात, गुणात्मक म्हणजे चांगल्या दर्जाचं असेल तर संख्यात्मक हलक्या दर्जाचं ठरतं का? शिवाय कुठे संख्यात्मक, कुठे परिमाणात्मक, कुठे मात्रात्मक असं छापलेलं दिसतं. यांतला कोणता शब्द घ्यावा?

ताई, दर्जाचा प्रश्न आधी घेतो, कारण हा घोळ फार जणांचा होतो. तो होणं साहजिकही आहे, मराठीत 'गुण' इतक्या ठिकाणी राबतो. 'पोरगी गुणाची आहे' म्हणतो तेव्हा तो सद्गुण. औषधाचा गुण येतो तेव्हा परिणाम. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याला वाण नाही पण गुण लागतो, तेव्हा नुसता स्वभाव, आणि तोही बहुधा वाईटच. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळतात, परीक्षेत १०० पैकी ६२ पडतात, आणि गुणाकार, गुणक, गुणोत्तर यांत तर तो थेट गणितात जाऊन बसलेला. म्हणजे ज्या शब्दाला आपण आकड्यांसमोर उभा करतो, तोच गुणपत्रिकेत आकडा होऊन येतो. संस्कृतात गुण म्हणजे दोराही. दोरीला जितके पेड तितके गुण; द्विगुण म्हणजे दुपेडी, त्रिगुण म्हणजे तिपेडी, आणि तिथूनच दुप्पट-तिप्पट. गुणाकार त्या वाटेने आला.

'गुणात्मक'मधला गुण मात्र पवळ्याला लागला तो : स्वरूप, स्वभाव, जातकुळी. चांगलं-वाईट त्यात नाही. दर्जासाठी मराठीकडे 'गुणवत्ता' हा वेगळा शब्द आहे. अलीकडे 'शिक्षणात गुणात्मक सुधारणा' असं सर्रास लिहितात आणि दर्जा सुधारला एवढंच सांगायचं असतं. गैरसमज तिथून पसरतो. याच जोडीचा जुना वापर जास्त नेमका होता. पाणी तापत जातं तोवर संख्यात्मक बदल, वाफ झाली की गुणात्मक बदल, हे उदाहरण मार्क्सवादी लेखनातून मराठीत रुळलं. वाफ पाण्यापेक्षा दर्जेदार आहे असं त्यात कुणी म्हणत नव्हतं. ती वेगळी गोष्ट झाली, एवढंच.

गुणात्मक-संख्यात्मक ही जोडी इंग्रजी 'क्वालिटेटिव्ह-क्वांटिटेटिव्ह'साठी वापरतात. त्यांच्या मूळ लॅटिन शब्दांतही दर्जा नव्हता. 'क्वालिस' म्हणजे कसा, कशा प्रकारचा. 'क्वांटुस' म्हणजे किती, केवढा. 'क्वालिस'वरून 'क्वालितास' हा शब्द रोमन लेखक सिसेरोने ग्रीक तत्त्वज्ञानातली संज्ञा लॅटिनमध्ये आणण्यासाठी घडवला. भाववाचक प्रत्यय काढून टाकले की खाली दोन साधे प्रश्नार्थक शब्द उरतात : कसं आणि किती. मला विचाराल तर दोन्ही संशोधनपद्धतींमधला फरक सांगायला या दोन शब्दांहून चांगली व्याख्या मराठीत नाही. किती मुली गेल्या, कोणत्या इयत्तेतून, शाळा घरापासून किती लांब असली की जास्त जातात, हे संख्यात्मक. जाणं कसं घडलं, घरात ते कोण कसं बोलतं, मुलीला त्यात काय वाटतं, हे गुणात्मक. पहिल्याला सर्वेक्षण, ठरीव प्रश्नावली, यादृच्छिक (म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावा तसा) नमुना, सरासरी लागते. दुसऱ्याला लांब मुलाखत, गटचर्चा, निरीक्षण आणि त्याच घरी पुन्हा पुन्हा जाणं.

आता संख्यात्मक की परिमाणात्मक? इथे मराठी फार मदतीला येते, कारण आपण 'किती' आणि 'केवढा' वेगळे ठेवले आहेत. आंबे किती? आंबा केवढा? पहिला मोजायचा, दुसरा मापायचा. मोजण्याला संख्या, मापण्याला परिमाण. रसायनशास्त्रात द्रावणात क्लोराइड आहे का हे पाहणं गुणात्मक विश्लेषण आणि ते किती ग्रॅम आहे हे काढणं परिमाणात्मक. तिथे परिमाणच शोभतं. समाजशास्त्रात, शिक्षणशास्त्रात बहुतेक वेळा माणसं मोजायची असतात आणि तिथे 'संख्यात्मक' हाच शब्द रुळला आहे. तुम्ही तोच घ्या. 'मात्रात्मक' हिंदीतून आलेला आहे. मराठीत मात्रा वैद्याच्या खलात उगाळली जाते, नाहीतर वृत्तात मोजली जाते किंवा अक्षराच्या डोक्यावर बसते. तो शब्द इथे नको.

गुण आणि संख्या या दोन गोष्टी मुळात एकमेकींच्या विरुद्ध आहेतच का, असाही प्रश्न आपल्याकडे पूर्वीच येऊन गेला आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, कणादाच्या सूत्रात १७ गुण येतात. पुढे प्रशस्तपादाच्या ग्रंथात ते २४ होतात. रूप, रस, गंध, स्पर्श यांच्या लगेच मागे त्या यादीत कोण आहे? संख्या आणि परिमाण! आंब्याचा पिवळेपणा जसा त्याचा गुण, तसा त्याचा एकपणाही गुणच आणि त्याचं लहानमोठेपणही गुणच. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ त्या एका ओळीवरच थांबलो होतो. मोजायच्या आधी 'हे एक' असं ठरवावं लागतं आणि ते ठरवणं मोजण्यातून येत नाही.

तुमच्याच विषयात हे कसं दिसतं बघा. जनरल रजिस्टरला नोंद होते 'शाळा सोडली'. दाखल्यावरही छापलेलं असतं 'शाळा सोडल्याचा दाखला'. आता घरी जाऊन विचारा. वडील म्हणतील, 'तिनं सोडली शाळा.' आई म्हणेल, 'काढली तिला शाळेतून, धाकट्याला बघायला कुणी नव्हतं.' आणि मुलगी म्हणेल, 'माझी शाळा सुटली.' सोडली, काढली, सुटली. सोडणारी मुलगी, काढणारं घर, आणि तिसऱ्या वाक्यात कर्ताच नाही; हातातला पेला सुटावा तशी शाळा सुटली. मराठीत सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत म्हणून ही मुलगी एवढ्या थोडक्यात एवढं सांगू शकते. तक्त्यात या तिघांचा मिळून एक आकडा होतो आणि त्याला आपण 'गळती' म्हणतो. हा तर चौथाच शब्द. पाणी गळतं, त्यालाही कुणी कर्ता नसतो.

म्हणून आकडा कमी मोलाचा असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी अशी तपासणी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची झाली होती. 'अंगावरून पांढरं जातं' हे एकटीनं सांगितलं की तिला घरी आणि दवाखान्यातही 'बायकांचं चालायचंच' असं ऐकून घ्यावं लागतं. ९२ टक्क्यांना ते ऐकवता येत नाही. ही ताकद संख्येचीच. आणि 'अंगावरून जाणं' हा शब्द ज्याला ठाऊक नाही, जो प्रश्नावलीत 'श्वेतप्रदर' लिहून गावात जातो, त्याच्या हाती तो आकडा लागणं कठीण, हेही तितकंच खरं.

इरावती कर्वे दोन्ही करत होत्या. बर्लिनमधली त्यांची डॉक्टरेट माणसाच्या कवटीच्या मोजमापांवरची. इथे आल्यावरही त्यांनी माणसं मापली. आणि १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर त्यांचं पुस्तक आलं ते भाषाभाषांतले नात्यांचे शब्द गोळा करून, ते कोण कुणाला कसे वापरतं ते पाहून. माझ्यासारख्या शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला ते पुस्तक फार जवळचं वाटतं.

तर ताई, आराखड्यात दोन्ही लिहायला हरकत नाही. त्याला 'मिश्र पद्धती' म्हणतात. मार्गदर्शकांना एकच हवी असेल तर तुमच्या प्रश्नाचा पहिला शब्द पाहा. 'किती मुली' असेल तर संख्यात्मक, 'कशा' किंवा 'का' असेल तर गुणात्मक. आणि मुलाखती घ्यायला जाल तेव्हा वहीत क्रियापद जसंच्या तसं उतरवा. मुलगी 'सुटली' म्हणाली असेल तर घरी येऊन वही नीट करताना तिथे 'सोडली' करू नका.