शंभरने गुणणं थांबव आणि वडिलांना आकडा सांग

पत्र : मावशी, मी तासगाव तालुक्यातला. मास्टर्ससाठी जर्मनीत येऊन पाच महिने झाले. येण्याआधी घरचे पैसे भरलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 युरो मिळतात. खोलीचं भाडं 520, हेल्थ इन्शुरन्स 145. आल्या आल्या खोलीच्या डिपॉझिटसाठी मित्राकडून 900 युरो उसने घेतले, त्याला महिन्याला 150 देतो. वीस तारखेनंतर हातात काही उरत नाही. परवा दुकानात फ्लॉवर घेतला, मनात शंभरने गुणून रुपये काढले आणि परत ठेवला. रात्री ब्रेडवर भागवतो. एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळतंय, तासाला 8 युरो रोख, कागदपत्रं काही नाहीत. घरी दर रविवारी सांगतो, मजेत आहे. वडिलांनी कर्ज काढून पाठवलंय. गावात सगळ्यांना वाटतं, पोरगं युरोत कमावतंय. काय करू?

उत्तर : बाळा, तुझेच आकडे वजा करून बघ. भाडं, इन्शुरन्स आणि मित्राचा हप्ता गेला की उरतात 177 युरो. त्यात जेवण, फोन, वह्या-पुस्तकं आणि सहा महिन्यांनी येणारी सेमिस्टर फी. एवढ्यात तिथे कुणाचाच महिना निघणार नाही. तू उधळा नाहीस. तुला डिपॉझिटने गाठलंय, आणि ते पैसे बुडालेले नाहीत. खोली नीट सोडलीस की ते परत मिळतात. म्हणून आधी मित्राशी बोल आणि हप्ता 75 वर आण. चांगला मित्र असेल तर ऐकेल.

फ्लॉवरचं वाचून मला फार वाईट वाटलं. रुपयात गुणलंस की तिथली प्रत्येक वस्तू महागच दिसणार, आणि मग माणूस खायच्या गोष्टीवरच हात आखडतो. भाड्यात तर काही कमी करता येत नाही, त्यामुळे सगळी काटकसर पोटावर येते. यापुढे हिशेब युरोतच कर, आणि आठवड्याचा कर. महिन्याचे पैसे एकदम हाताशी ठेवलेस तर ते वीस तारखेलाच संपणार. डाळ-तांदूळ, बटाटे, अंडी आणि फ्लॉवरसुद्धा आण. दुपारी युनिव्हर्सिटीच्या मेन्झात, म्हणजे कॅन्टीनमध्ये जेव, तिथे विद्यार्थ्यांना स्वस्त पडतं. आणि रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र आलं तर फेकू नकोस. ती महिन्याला 18.36 युरो फी माणशी नसते, घरामागे असते. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर चौघांत वाटून घ्या.

आता हॉटेलचं काम. ते घेऊ नकोस, ठाम सांगते. जर्मनीत 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. 8 देणारा माणूस तुझी अडचण ओळखून बसलाय. उद्या गरम तेलाने हात भाजला तर तो म्हणेल, मी या मुलाला ओळखत नाही. पकडला गेलास तर रेसिडेन्स परमिटवर येईल. आणि याची गरजच काय? तुला वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करायची कायदेशीर मुभा आहे, आणि युनिव्हर्सिटीत स्टुडंट असिस्टंट झालास तर ते दिवस यात मोजतसुद्धा नाहीत. तुझ्या विभागातल्या प्राध्यापकांना ईमेल कर. चार जण उत्तर देणार नाहीत, तरी पाचव्याला लिही. आठवड्याला आठ तास मिळाले तरी महिन्याला साडेचारशेच्या आसपास येतात. तोवर फारच अडलं तर स्टुडिरेंडेनवेर्क म्हणजे विद्यार्थ्यांची सोय बघणारी संस्था, तिच्या समुपदेशनाला जा. पैशाच्या अडचणीतल्या विद्यार्थ्यांशी बोलणं हे त्यांचं रोजचं काम आहे, तिथे लाजू नकोस.

राहिले वडील. माझ्या मते तुझा खरा जीव इथेच अडकलाय. ज्या माणसाने ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी घ्यायची, डिपिंग (घड औषधात बुडवणं), औषधं, मजुरी यांत पैसा ओतत राहायचं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघेपर्यंत उसनवारीवर घर चालवायचं, त्याला तुझं गणित कळणार नाही असं तुला कसं वाटलं? आधी घालायचं, मग यायचं, हे त्यांच्या हाडात मुरलंय. त्यांना काही कळत नसेल तर एवढंच, की हे 992 युरो म्हणजे पगार नव्हे, त्यांनीच भरलेले पैसे महिन्या-महिन्याने सुटतायत. हे कुणीतरी त्यांना नीट सांगायला हवं, आणि ते तूच सांगायचंस. गावातल्यांना काय वाटतं ते राहू दे. कर्ज गावाने काढलेलं नाही.

कर्जाचं विचारलं नाहीस, तरी सांगते. शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं आणि पुढे ते मुदलात मिळवलं जातं. काम मिळालं की घरी कपडे-मोबाईल पाठवण्याआधी थोडं थोडं व्याज भर. काही बँका असं व्याज भरणाऱ्याला दरात सवलतही देतात, वडिलांना शाखेत विचारायला सांग.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मात्र हे काढू नकोस. तिथे आई, आजी, शेजारचे सगळे असतात, आणि तू पुन्हा "मजेत" म्हणून मोकळा होशील. हिवाळ्यात तुझे सकाळचे साडेसात म्हणजे इकडचे दुपारचे बारा. तेव्हा वडील बागेत एकटे असतील. साधा फोन लाव, समोर कागद ठेव, आणि पहिल्याच वाक्यात 177 हा आकडा सांग. आईला कसं सांगायचं ते त्यांच्यावर सोड.

— मावशी